स्थानिक नियमांनुसार

“काळी म्हंजी न्यूट्रल, निळी म्हंजी फेज. ह्याला काय पुस्तक लागतंय व्हय, अक्का?”

हे वाक्य पत्र्याआडून ऐकू आलं तेव्हा मी शेडमध्ये तुरीच्या पोत्यावर बसून मोबाईलवर यंत्राचं तेच पुस्तक वाचत होते. बोलणारे मिस्तरी होते. पिंगळी गावात कोणाच्या विहिरीवरची मोटार जळू दे नाहीतर मांडवाला लायटिंग करायची असू दे, बोलावणं त्यांनाच जातं. ऐकणारी माझी आत्या.  ती म्हणाली, “लागत न्हाई, पण भाची आलीच हाय परभणीहून तर बगू द्या की. तिचं तेच काम हाय.”

“कोणतं काम?”

“इंग्लिश वाचायचं.”

माझ्या कामाचं इतकं थोडक्यात वर्णन मला स्वतःला कधी जमलं नव्हतं.

आत्याच्या बचत गटाची छोटी डाळ मिल आहे. तूर भरडून डाळ झाली की ती निवडायची, हे तिथलं सगळ्यात वेळ खाणारं काम. काळपट दाणे, सालीसकट राहिलेले तुकडे, खडे, सगळं सुपात घेऊन हाताने वेचायचं. डाळ तयार असूनही त्यापायी पोत्यांत अडकून राहायची. म्हणून आत्याने हे यंत्र शोधून काढलं. वरून डाळ पडत असताना आतला कॅमेरा एकेक दाणा बघतो, आणि वेगळ्या रंगाचा दाणा दिसला की हवेचा बारीक झोत मारून त्याला बाजूला उडवतो. यंत्र परदेशी बनावटीचं होतं. नवं घेण्यासारखी परिस्थिती नव्हती, म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका बंद झालेल्या मिलमधून जुनं आणलं.

गटातल्या निम्म्या बायका यंत्राच्या विरोधात होत्या. निवडायचं कामच गेलं तर आम्ही काय करायचं, हा त्यांचा प्रश्न. आत्याने त्यांना शब्द दिला होता, की जो वेळ वाचेल त्यात आपण आपल्या गटाच्या नावाची पाकिटं भरू, एकीलाही घरी बसावं लागणार नाही. हा शब्द पाळायचा तर यंत्र चालायला हवं होतं. आणि विकणाऱ्याने आधीच सांगितलं होतं की हे मॉडेल आता निघत नाही. आतलं सर्किट जळालं तर दुसरं मिळणार नाही. मग ते यंत्र म्हणजे नुसतं लोखंडी कपाट.

यंत्र काढताना त्या मिलमधल्या कोणीतरी केबल भिंतीपाशी कापून टाकली होती. पाच वायरींची टोकं मोकळी लोंबत होती. कोणती वायर कशाची हे यंत्राच्या पॅनेलमध्ये लिहिलेलं असतं, पण पॅनेलला कुलूप होतं आणि किल्ली आलेली नव्हती. विकणारा फोनवर म्हणाला, कुरिअरने पाठवतो. आत्याने चार दिवस वाट पाहिली. त्या दिवशी मिस्तरींना फुरसत होती, बायका जमल्या होत्या, पूजेचं ताट भरलेलं होतं. लाईनच्या दुरुस्तीसाठी सकाळपासून लाईट बंद होती आणि दुपारी येणार होती. लाईट आली की नारळ फोडून मशीन सुरू करायचं ठरलं होतं.

मला बोलावण्यामागे आत्याचा हिशोब साधा होता. पुस्तक इंग्लिशमध्ये, भाची इंग्लिश शाळेतली.

त्या शाळेत मराठीत बोललं की उभं राहावं लागायचं. मी मराठीत बोलायचं टाळलं, इंग्लिशमध्ये चुकायची भीती वाटली, आणि बघता बघता वर्गात काही न बोलणारी मुलगी म्हणून माझी ओळख पक्की झाली. पुढे इंजिनिअरिंगलाही तोंडी परीक्षेपेक्षा लेखी परीक्षेत माझं बरं चाललं. आता मी घरूनच काम करते. आमच्या घराच्या वरच्या खोलीत एक टेबल आहे, दोन स्क्रीन आहेत. आईला वाटतं मी स्पेलिंग तपासते. वडील पाहुण्यांना सांगतात, कॉम्प्युटरवर काहीतरी असतं तिचं. मी दुरुस्त करायला जात नाही.

काम असं आहे. तार, स्विच, मोटार, प्लग अशा प्रत्येक वस्तूसाठी जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून ठरवलेली आंतरराष्ट्रीय मानकं असतात. ती आपोआप कुठल्या देशाला लागू होत नाहीत. प्रत्येक देशातली समिती तो मजकूर समोर घेऊन बसते आणि ठरवते की हे जसंच्या तसं घ्यायचं, बदलून घ्यायचं, की नाकारायचं. जसंच्या तसं घेतलं तर आतलं एक अक्षरही बदलत नाही. फक्त वरचं कव्हर आपलं, क्रमांक आपला, आणि सुरुवातीला एका पानाची आपली प्रस्तावना. त्या प्रस्तावनेतली दोन वाक्यं मला आता पाठ झाली आहेत. आत जिथे जिथे आंतरराष्ट्रीय मानक असं म्हटलं आहे तिथे भारतीय मानक असं वाचावं. आणि मूळ मजकुरात दशांशासाठी स्वल्पविराम वापरला आहे, आपल्याकडे टिंब वापरायची पद्धत आहे. कित्येकदा एका देशाच्या मान्यतेला तेवढं पुरतं.

बदलून घेतलं तर मात्र माझं काम वाढतं. एका स्क्रीनवर मूळ मजकूर, दुसऱ्यावर आपला. ओळीला ओळ लावून जिथे फरक दिसेल तिथे पिवळी खूण करायची आणि बाजूला कारण लिहायचं. कारणं बहुतेक वेळा रुक्ष असतात. हवामान, व्होल्टेज, चालत आलेली पद्धत. एका मानकात यंत्राभोवतीची हवा चाळीस अंशांच्या वर जाणार नाही असं धरलेलं होतं. मी ते मे महिन्यात वाचत होते, कूलरमध्ये पाणी संपलं होतं, आणि खिडकीचा गज हाताला चटका देत होता. मी खूण केली नाही. त्या ओळीत दोन्ही मजकूर सारखेच होते, आणि माझं काम फरक शोधायचं होतं.

मसुदा पक्का होण्याआधी तो लोकांच्या मतासाठी ठेवतात. कोणीही आपलं म्हणणं कळवू शकतं. चाळीस अंशांबद्दल मीही कळवू शकले असते. मुदत संपेपर्यंत ते डोक्यात होतं, नंतर निघून गेलं.

वायरींच्या रंगांचा एक तक्ताही असाच माझ्या हाताखालून गेला होता. मूळ मजकुरात वीज आणणाऱ्या तीन फेजसाठी चॉकलेटी, काळी आणि राखाडी, परतीच्या न्यूट्रलला निळी, अर्थिंगला हिरवी-पिवळी. आपल्याकडची चालत आलेली पद्धत वेगळी. तांबडी, पिवळी, निळी या तीन फेज आणि काळी न्यूट्रल. युरोपातल्या देशांनीही पूर्वी आपापले वेगवेगळे रंग धरलेले होते, त्यांनी हळूहळू ते एक केले. त्या दस्तऐवजात आपण आपले ठेवले होते. मी पिवळी खूण केली, बाजूला लिहिलं, ‘रंग वेगळे, राष्ट्रीय पद्धत’, आणि पुढच्या पानावर गेले.

आत्याने हाक मारली तेव्हा मी बाहेर आले. मिस्तरी बोर्डाखाली उकिडवे बसून वायरींची टोकं सोलत होते. चार बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“या मॅडम,” मिस्तरी म्हणाले. “काय म्हणतंय तुमचं पुस्तक?”

मी जोडणीचं पान उघडलं. त्यावर आकृती नव्हती. सुरक्षेच्या चार सूचना होत्या आणि शेवटी एक ओळ. मी ती मराठीत वाचून दाखवली, “विजेची जोडणी स्थानिक नियमांनुसार पात्र व्यक्तीनेच करावी.”

मिस्तरी माझ्याकडे न बघता हसले. “म्हंजी आपल्या नियमानं. अन् पात्र व्यक्ती म्हंजी मी. झालं की मग. कंपनीनंच लिवलंय, अक्का, पिंगळीच्या मिस्तरीला इचारा म्हणून.”

बायका हसल्या. आत्यालाही हसू आलं. मी वाचलेलं बरोबर होतं, त्यात एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. पण ते कानावर पडल्यावर मिस्तरींचा हात जास्तच भरभर चालायला लागला.

“बगा,” ते आत्याला दाखवत होते. “ही काळी न्यूट्रलला. निळी आपली तिसरी फेज. तांबडी न्हाई ह्याच्यात, पर चॉकलेटी हाय, ती तांबडीच धरायची, लय फरक न्हाई. पिवळीच्या जागी ही राखाडी. अन् ही हिरवी-पिवळी अर्थिंगला. लहान लेकरूबी जोडील.”

त्यांच्या बोलण्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. ते इतकी वर्षं ज्या पद्धतीने शेकडो बोर्ड जोडत आले त्याच पद्धतीने हा जोडत होते. अनोळखी रंग आला तर जवळचा ओळखीचा रंग धरायचा, आणि जो रंग ओळखीचा आहे त्यावर शंका घ्यायची नाही. चॉकलेटी आणि राखाडी त्यांनी अंदाजाने लावल्या, त्या फेजच होत्या, बरोबर पडल्या. काळी आणि निळी त्यांनी खात्रीने लावल्या.

मी मात्र खात्रीने काही म्हणायला तयार नव्हते. यंत्र आधी आपल्याच राज्यातल्या मिलमध्ये चाललं होतं. तिथल्या कोणीतरी केबल बदलून आपल्याकडची घातली असेल तर मिस्तरी बरोबर ठरले असते. मी पाणी प्यायच्या निमित्ताने माठाकडे गेले आणि परत येताना यंत्राच्या मागून आले. केबल मळलेली होती. पदर नव्हता, मी कुर्ता घातला होता, म्हणून ओढणीने पुसली. काळ्या आवरणावर बारीक पांढऱ्या अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं, ते ना इंग्लिश होतं ना आपलं. आणि केबल यंत्राच्या पत्र्यातून जिथे बाहेर येत होती तिथलं रबरी बूच कंपनीचंच होतं, कधी हललेलं दिसत नव्हतं. म्हणजे केबल यंत्राबरोबर परदेशातूनच आलेली होती. पाचही रंग त्या तक्त्यातले होते, मूळ मजकुराच्या बाजूचे.

मग पुढचं उघड होतं. कॉम्प्रेसरला तिन्ही फेज लागतात, पण कॅमेरा आणि त्याचं सर्किट एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये चालतं. न्यूट्रलच्या जागी फेज आली तर दोनशे तीसच्या ठिकाणी त्या सर्किटला चारशे पंधरा व्होल्ट मिळणार. ते जळायला फार वेळ लागत नाही. पंख्याला एक फेरी पूर्ण करायला लागतो त्याहून कमी.

मी यंत्राशेजारच्या एका पोत्यावर येऊन बसले. बोलायचं होतं, पण कोणाशी आणि कसं सुरू करायचं ते ठरेना. ‘काका, तुमचं चुकलंय’ हे वाक्य मी मनात म्हणून पाहिलं. त्यांचं चुकलेलंही नव्हतं. ‘तुमचे नियम बरोबर आहेत, पण ही वायर त्या नियमात बसत नाही’ हे जास्त खरं होतं, आणि ते म्हणायला जास्त शब्द लागणार होते. चार बायका, मिस्तरी आणि आत्या यांच्यासमोर इतके शब्द सलग बोलण्याचा मला सराव नव्हता.

मी आत्याला व्हॉट्सॲप केलं. ‘निळी आणि काळी वायर उलट लागली आहे. लाईट आली तरी सुरू करू नका.’ पाठवलं आणि वर बघितलं. आत्या पाच हातांवर उभी होती, ताटात अक्षता नीट करत. तिचा फोन खुंटीला अडकवलेल्या पिशवीत होता. पिशवीतून बारीक आवाज आला. कोणी मान वळवली नाही. स्क्रीनवरच्या दोन राखाडी खुणा तशाच राहिल्या.

“अक्कांची भाची लय कमी बोलती,” भिंतीजवळची एक बाई दुसरीला म्हणाली. मला ऐकू येईल इतक्याच आवाजात.

“इंग्रजीतबी कमीच बोलती का काय की.”

“तिचं सगळं मोबाईलमधी चालतंय. आपली सून न्हाई का, एकाच घरात राहून मेसेज करायलीय, जेवायला या म्हणून.”

“उगं गप बसा गं,” आत्या म्हणाली. “शिकलेल्या माणसाच्या डोक्यात काम असतंय.”

मिस्तरींनी जोडांवर काळी टेप गुंडाळली. आता रंग दिसत नव्हते. त्यांनी पक्कड पिशवीत टाकली, हात झटकले आणि बोर्डावरचा मेनचा खटका खालीच आहे ना ते एकदा बघितलं. “आता लाईट आली की तुमी अन् तुमचा नारळ,” ते म्हणाले.

यंत्राला हळदकुंकू लावून झालं. कोणीतरी कॅमेऱ्याच्या काचेलाही कुंकवाचं बोट लावायला निघालं तेव्हा आत्याने हात धरला. “तिथं नको, माय. त्याला दिसायचं न्हाई.” तेवढ्याने सगळ्या पुन्हा हसल्या. विरोधात असलेल्या बायकाही जवळ सरकल्या. एक जण यंत्राच्या पत्र्यावर हात ठेवून उभी राहिली, गोठ्यात नव्या आलेल्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. मला वाटलं, आता आत्याला बाजूला घेऊन सांगावं. मी उठलेही. पण त्याच वेळी शेजारच्या घरातला टीव्ही एकदम मोठ्याने सुरू झाला आणि भिंतीजवळची बाई म्हणाली, “आली.”

मिस्तरींनी टेस्टर बोर्डाला लावून बघितला. “तिन्ही फेज हायेत. चला.”

आत्याने नारळ फोडला. पाणी यंत्राच्या पायापाशी शिंपडलं. मग ती वळली आणि माझ्याकडे हात केला.

आमच्याकडे नवं यंत्र, नवी मोटार, नवं दुकान काहीही असो, पहिला हात मालकाचा नसतो. घरातला कोणी मोठा, पाहुणा, नाहीतर शिकलेला माणूस पुढे करतात, आणि त्याच्या भरवशावर काम पुढे नीट चालतं असं मानतात. सरपंच येणार होते, पण ते तहसीलला गेलेले होते. आत्याने ते आधीच ठरवून ठेवलं असावं, कारण बायकांनी लगेच वाट करून दिली.

“ये. तुझ्या हातानं सुरू कर,” ती म्हणाली. “आमच्यात तूच शिकलेली हायेस.”

“मॅडम, निस्ता वर करायचा,” मिस्तरी म्हणाले. “भ्यायचं काम न्हाई. मी हाय.”

मी बोर्डापाशी गेले. खटका काळा, प्लास्टिकचा, नवा होता. खाली टेपने गुंडाळलेले पाच जोड एका रांगेत होते, सगळे एकसारखे. एका बाईने मोबाईल वर धरला, व्हिडिओ काढायला. कोणीतरी डाळीचं घमेलं वरच्या तोंडापाशी तयार धरलं होतं. मी मागे हटले असते तर सगळ्यांना वाटलं असतं की पोरगी विजेला भ्याली, आणि मिस्तरींनी हसत स्वतःच खटका वर केला असता. त्यामुळे मागे हटून चालणार नव्हतं. पिशवीतल्या फोनवर सगळं लिहिलेलं होतं आणि त्याचाही काही उपयोग नव्हता.

आत्या माझ्याकडे बघत होती. तिच्या कपाळावर कुंकू थोडं पसरलं होतं, घामाने. तिने या यंत्रासाठी त्या बायकांना काय सांगितलं होतं ते मला माहीत होतं. मी खटक्यावर तळहात ठेवला, तो वर जाऊ नये म्हणून, आणि मिस्तरींकडे वळले. माझा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला.

“काका, मी हा खटका वर करणार नाही, तुम्हीही करू नका. ही केबल परदेशातून आली आहे, तिला आपले नियम लागू नाहीत. हिच्यात काळी फेज आहे आणि निळी न्यूट्रल. टेप सोडा, मी सांगते कोणती कुठे लावायची ते.”